मानाचे पान

माणसाला बसायला जागा लागते ती फार तर दीड हात. राजा असो की रंक, पाटावर मांडी घातली की दोघेही सारखीच भुई अडवतात. पण तो दीड हात कोणाच्या उजव्या अंगाचा, कोणाच्या पाठीमागचा, दाराजवळचा की देवघराजवळचा, या प्रश्नावर माणसांनी जेवढी झोप घालवली आहे, तेवढी मोक्षाच्या चिंतेनेही घालवली नसेल. मोक्ष उशिरा मिळाला म्हणून कोणी रुसून पंगतीतून उठत नाही. पान चुकीच्या जागी मांडले गेले तर मात्र हमखास उठतो.

आपल्या भाषेची मोठी मौज आहे. ‘मान’ या एका शब्दात तिने दोन गोष्टी कोंबल्या आहेत. एक मान खांद्यावर असते आणि दुसरा मान चारचौघांत मिळतो. पहिली ताठ ठेवायची तर दुसरा मिळावा लागतो, आणि दुसरा मिळवायचा तर पुष्कळदा पहिली खाली घालावी लागते. या ओढाताणीत माणसाचे आयुष्य निघून जाते. मानाचा विडा, मानाचा नारळ, मानाची पालखी, मानाचा बैल. देवालासुद्धा आपण यातून सोडलेले नाही. पुण्यातल्या विसर्जनात पहिला मान कसबा गणपतीचा, दुसरा तांबडी जोगेश्वरीचा, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि पाचवा केसरीवाड्याचा. गणपती बिचारा सगळीकडे एकच; क्रमांक आपण लावले.

आणि हे खूळ आजचे थोडेच आहे? धर्मराजाने राजसूय यज्ञ केला तेव्हा साऱ्या भारतवर्षातले राजे जमले होते. प्रश्न एवढाच होता, की अग्रपूजेचा मान कोणाला? भीष्मांनी श्रीकृष्णाचे नाव सांगितले, सहदेवाने पूजा केली, आणि शिशुपालाचे पित्त खवळले. इतके मुकुटधारी राजे बसले असता गवळ्याच्या पोराला पहिले पाणी? तो बोलत सुटला आणि बोलता बोलता आपले मस्तक गमावून बसला. राजशिष्टाचारावरून झालेल्या भांडणात जीव गेल्याची आपल्या स्मरणातली ही पहिली हकीकत. पुढे महाभारतात जे झाले, त्यातही कोणाला कोणत्या सभेत कसे वागवले याचाच हिशोब मोठा आहे.

मी पेशाने शिक्षक. शिक्षणाच्या जिन्यावर माझी पायरी खालची, त्यामुळे या विषयाचा अभ्यास मला पुस्तकाआधी शिक्षकांच्या खोलीत घडला. सरकारी कागदात ज्येष्ठतायादी म्हणून एक चीज असते. त्या यादीत कोण कोणाच्या वर, हे नेमणुकीच्या तारखेने आणि पदवीने ठरते. मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत; पण यादीत कादंबरीला रकाना नाही, आणि ते योग्यच आहे. एरवी लोक बढतीसाठी कादंबऱ्या लिहू लागते. मात्र माझे अक्षर बरे असल्यामुळे स्नेहसंमेलनात खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आले. अध्यक्ष मध्ये, प्रमुख पाहुणे त्यांच्या उजवीकडे, मुख्याध्यापक डावीकडे, देणगीदार त्यांच्या पलीकडे. देणगीदार दोन असले तर मोठी देणगी मध्याच्या जवळ. राजवाड्यातले शिष्टाचार म्हणून जे पुढे वाचले, त्यातले एकही तत्त्व मला नवे वाटले नाही.

एका वर्षी तर दोन पाहुणे आले आणि दोघेही कुठले ना कुठले अध्यक्ष. दोघांत थोरला कोण, हे ठरेना. मुख्याध्यापकांच्या कपाळाला घाम फुटला. तेव्हा आमच्या शिपाईमामांनी मधली खुर्चीच उचलली आणि तिथे टेबलावर फुलदाणी ठेवली. म्हणाले, “सर, मधी फुलं बसतील. दोघं दोन बाजूला.” समारंभ निर्विघ्न पार पडला. शिपाईमामांनी एका मिनिटात सोडवलेले हे कोडे युरोपातल्या राजांना दीड-दोन शतके सुटले नव्हते, हे मला नंतर कळले.

सन १६६१ मध्ये लंडनला स्वीडनचा नवा वकील येणार होता. त्याच्या स्वागताच्या मिरवणुकीत राजाच्या गाडीमागे पहिली गाडी फ्रान्सच्या वकिलाची की स्पेनच्या, यावर भर रस्त्यात तलवारी आणि पिस्तुले चालली. माणसे पडली, घोडे पडले. स्पेनवाल्यांनी आपल्या घोड्यांच्या सरंजामात आधीच लोखंडी साखळ्या घातल्या होत्या, म्हणून त्यांचे दोर कापता आले नाहीत आणि त्यांची गाडी पुढे गेली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने मग युद्धाची धमकी दिली आणि स्पेनला पुढल्या वर्षी नमते घ्यावे लागले. एका गाडीच्या जागेवरून दोन राष्ट्रे लढाईच्या उंबरठ्यावर! अखेर १८१५ साली व्हिएन्नाला राष्ट्रे जमली तेव्हा साधा नियम झाला, की वकिलाचा क्रम त्याच्या राजाच्या थोरवीवर लावू नये. त्याने आपण आल्याची वर्दी ज्या तारखेला दिली, त्या तारखेवर लावावा. जो आधी आला तो पुढे. दळणाच्या गिरणीत आपण डबे लावतो, तोच कायदा.

पण हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाने एक मोठे वळण घेतले ते एका रांगेतल्या जागेमुळेच. १२ मे १६६६, आग्ऱ्याचा दरबार. औरंगजेबाचा पन्नासावा वाढदिवस चांद्रमानाने साजरा होत होता. मिर्झाराजांचा पुत्र रामसिंह शिवाजीमहाराजांना घेऊन गेला. नजर-निसार झाले आणि महाराजांना नेऊन उभे केले ते पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत. महाराजांच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला, संभाजीराजांना, ती पंचहजारी मनसब आधीच मिळालेली होती. म्हणजे बापाला मुलाच्या रांगेत बसवले, नव्हे उभे केले. पुढे पाठमोरा कोण उभा आहे, असे महाराजांनी विचारले. उत्तर आले, राजा जसवंतसिंह. मग वाढदिवसाचे विडे आणि खिलती वाटल्या गेल्या, त्यांत महाराजांचे नाव नव्हते. महाराज संतापले, भर दरबारात बादशहाकडे पाठ करून चालू लागले आणि बाजूला जाऊन बसले. कोणी समजावू लागले तरी खिलत घेईनात. पुढची कैद आणि १७ ऑगस्टची सुटका आपण शाळेत शिकलो. मी मुलांना तो धडा शिकवतो तेव्हा पोरांना पेटारे आवडतात. मला मात्र ती पाठ फिरवण्याची घटका अधिक थोर वाटते. पेटाऱ्यात बसायला युक्ती लागते. हजारो शस्त्रधाऱ्यांत, परमुलखात, नऊ वर्षांचे लेकरू बरोबर असताना, ‘ही माझी जागा नव्हे’ असे आपल्या पाठीने सांगायला काय लागत असेल?

आठ वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, त्याच पुरुषाने रायगडावर आपल्या दरबाराची मांडणी स्वतः केली. अभिषेकाच्या वेळी आठ प्रधान आठ दिशांना उभे होते. पूर्वेला तुपाचा सुवर्णकलश घेऊन मोरोपंत पिंगळे, दक्षिणेला दुधाचा रौप्यकलश घेऊन सेनापती हंबीरराव मोहिते, पश्चिमेला दह्याचा ताम्रकलश घेऊन रामचंद्र नीळकंठ; कोणाच्या हाती छत्र, कोणाच्या हाती चवरी. मला या चित्राचे फार कौतुक वाटते. कारण वर्तुळात उभे राहिलेल्या माणसांत कोणी कोणाची पाठ पाहत नाही. आग्ऱ्याच्या रांगेला रायगडाने दिलेले हे उत्तर होते, असे मी म्हणत नाही; ती शास्त्रोक्त मांडणी होती. आणि रोजच्या दरबारात क्रम होताच. न्यायमूर्ती रानड्यांनी लिहिले आहे की सिंहासनाच्या उजव्या हाताला पहिले पेशवे आणि डाव्या हाताला पहिले सेनापती. पण उजवी बाजू आणि डावी बाजू दोन्ही ‘पहिल्या’ ठेवण्यात जे शहाणपण आहे, ते आमच्या शिपाईमामांच्या जातीचे आहे. त्या दिवशी हेन्री ऑक्झेंडन नावाचा इंग्रज वकीलही हजर होता. त्याने लवून मुजरा केला, दुभाष्या नारायण शेणव्याने हिऱ्याची अंगठी वर धरून दाखवली, तेव्हा महाराजांनी त्यांना सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत जवळ बोलावले. पाहुण्याला दुरून जवळ बोलावणे हाही मानाचाच एक प्रकार. काही पावलांचे अंतर कमी झाले, तेवढेच. पण ऑक्झेंडनने ते आठवणीने लिहून ठेवले.

दरबारात वर चढण्याची एक उलटी वाटही आहे, आणि ती महादजी शिंद्यांना जितकी ठाऊक होती तितकी कोणालाच नव्हती. सन १७९२ मध्ये ते पुण्यास आले. दिल्लीचा बादशहा त्यांच्या आश्रयाला, उत्तर हिंदुस्थान त्यांच्या मुठीत. आणि सवाई माधवरावांच्या भेटीस गेले तेव्हा हत्तीवरून उतरून सगळ्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले. पेशवे आले, ‘बसा’ म्हणाले, तर यांनी बगलेतले बासन सोडले, त्यातला नवा जोडा पेशव्यांच्या पायापुढे ठेवला, आणि आपल्या वडिलांचा धंदा हाच होता, आपलाही हाच, असे नम्रपणे निवेदन केले. मग पेशव्यांनी घातलेला जुना जोडा बासनात बांधून बगलेत घेतला. स्वतःला त्यांनी ‘पाटील’ म्हणवून घेतले ते अखेरपर्यंत. नाना फडणीस हे पाहत होते, आणि त्यांना यातली नम्रता किती आणि राजकारण किती, हे अचूक कळत होते. सर्वांत खालच्या जागी स्वतःहून बसलेल्या माणसाला कोण खाली बसवणार?

त्याच भेटीत बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलकची सनद आणि वस्त्रे पेशव्यांना द्यायची होती. तंबूत एक तख्त मांडले होते. रिकामे. त्याच्यासमोर पेशव्यांनी तीनदा मुजरा केला, एकशे एक मोहरांची नजर ठेवली आणि ते तख्ताच्या डाव्या बाजूस बसले. ज्या शहाआलमचे ते तख्त, त्याचे डोळे चार वर्षांपूर्वी, १७८८ साली, गुलाम कादिराने काढले होते. सत्ता गेली, दृष्टी गेली, तरी रिकाम्या तख्ताचा मान शिल्लक. राज्ये आधी मरतात आणि त्यांचे शिष्टाचार मागाहून, हे मी त्या प्रसंगावरून शिकलो.

इंग्रजांनी तर मानाला तोफांत मोजले. संस्थाने साडेपाचशेच्या वर. त्यांतल्या शंभराहून थोड्या अधिकांनाच सलामीच्या तोफा. हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, ग्वाल्हेर आणि काश्मीर या पाचांना एकवीस. आमच्या कोल्हापूरला एकोणीस. सांगली आणि सावंतवाडीला नऊ-नऊ. दोन तोफांच्या वाढीसाठी राजेलोक वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करीत. इकडे आमच्याकडे वेतनवाढीच्या एका पायरीसाठी चालते तसेच. आवाज तेवढा मोठा.

त्या एकवीस तोफांच्या मानकऱ्यांपैकी एक सयाजीराव गायकवाड. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीच्या दरबारात पंचम जॉर्जपुढे एकेका राजाने जायचे, लवून मुजरा करायचा आणि बादशहाला पाठ न दाखवता मागे पावले टाकीत परत यायचे, असा रिवाज घालून दिलेला होता. सयाजीराव गेले, एकदा लवले आणि पाठ फिरवून चालू लागले. अंगावर जडजवाहीर घातले नव्हते, हातात साधी काठी. विलायतेत एकच ओरड झाली. चलच्चित्रात ते दृश्य लोकांनी पाहिले. सयाजीरावांना व्हाइसरॉयला दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. गोंधळून गेल्यामुळे असे झाले, असा खुलासा त्यांनी केला. खरोखर गोंधळ होता की आणखी काही, यावर अजून चर्चा चालते. मी एवढेच पाहतो, की १६६६ आणि १९११ यांत दोनशे पंचेचाळीस वर्षे लोटली आणि दोन्ही दरबारांत साम्राज्य हादरले ते एका मराठी पाठीमुळे.

१९७१ साली घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने राजांची मान्यता गेली आणि तनखेही गेले. तोफा थंडावल्या. मग आता क्रम राहिला नाही म्हणता? वाचकहो, तसे मुळीच नाही. २६ जुलै १९७९ च्या अधिसूचनेने आपल्या प्रजासत्ताकाचा मानक्रम ठरवून दिलेला आहे. पहिले राष्ट्रपती, दुसरे उपराष्ट्रपती, तिसरे पंतप्रधान, चौथे आपापल्या राज्यात राज्यपाल, पाचवे माजी राष्ट्रपती, सहावे सरन्यायाधीश आणि लोकसभेचे अध्यक्ष, आणि असेच पुढे. भारतरत्नांना सात-अ. त्या कोष्टकाला एक टीप आहे, ती मला फार आवडते. हा क्रम समारंभापुरता आहे, सरकारच्या दैनंदिन कामकाजाला तो लागू नाही, असे तीत स्वच्छ म्हटले आहे. ही टीप प्रत्येक घराच्या भिंतीवर लावावी. मान समारंभापुरता, कामाच्या वेळी ज्याला काम येते तो पुढे.

कारण क्रम असणे मुळात वाईट नव्हे. वर्गात चाळीस पोरे पाण्याच्या टाकीकडे एकदम धावली तर लहानगे चिरडते. रांग लावली की त्यालाही घोट मिळतो. जुन्या गावगाड्यात पाटीलकीचे दोन वाटे झाले, म्हणजे कागदात शेतापेक्षा मानाचीच कलमे अधिक. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, विडा आधी कोणाच्या हाती, कागदावर नांगर पहिला कोणी घालायचा. वाचताना हसू येते. पण ही कलमे नसती तर दर पोळ्याला एक डोके फुटले असते; कलमे असूनही कित्येकदा फुटतच असे. क्रम लावणे म्हणजे भांडण आधीच एकदा करून ठेवणे, की दर सणाला नव्याने करायला नको.

तेव्हा कोण पहिला आणि कोण दुसरा, हा प्रश्न मला आता फारसा छळत नाही. मला छळतो तो दुसराच प्रश्न. यादीत ज्याचे नावच नाही, त्याचे काय?

आमची एक आत्या होती. वडिलांची थोरली बहीण. ते तिला अक्का म्हणत. सव्विसाव्या वर्षी कपाळ रिकामे झाले आणि ती माहेरी आली. लिहिण्यावाचण्यापुरते तिला येई. पण आमच्या साऱ्या भावकीचा मानक्रम तिला मुखोद्गत होता. कोणाच्या घरचे आमंत्रण अक्षता घेऊन करायचे आणि कोणाचे नुसत्या निरोपाने भागते, व्याह्याचे पान कुठे मांडायचे, मामाच्या आहेराआधी कोणाचा आहेर येता कामा नये, कोणत्या चुलत्याला हाक मारली नाही तर तो चार वर्षे दारात येणार नाही. बडोद्याच्या राजवाड्यात असती तर तिला मोठ्या पगाराची नेमणूक मिळाली असती. आमच्याकडे ती कोठीच्या खोलीत बसे. कार्य कोणाचेही असो, तिथूनच साखरेचे, नारळाचे, सुपारीचे हिशोब सांगे आणि मांडवात क्वचितच येई. कोणी तिला ‘येऊ नको’ म्हटलेले मी कधी ऐकले नाही. तिलाच आपली जागा पाठ होती. सगळ्यांना जागा वाटून देणाऱ्या बाईची जागा, जिथे जागा संपतात तिथे.

१९९४ साली माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न निघाले. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. लग्नाच्या आदल्या दिवशी घाणा भरायचा होता. उखळात हळकुंडे घातली, मुसळाला आंब्याची पाने बांधली, पाच सवाष्णी जमल्या. पहिले मुसळ कोणी धरायचे, यावर आधीच बरीच कुजबुज होऊन गेली होती. थोरल्या काकूंचा हक्क की मामींचा. आत्यानेच कोठीतून निकाल सांगितला होता, “थोरल्या वहिनींनी धरावं, मग मामींनी.” सगळे मान्य. आणि इतक्यात आई उठली, कोठीच्या दाराशी गेली आणि म्हणाली,

“वन्सं, पहिला हात तुमचा.”

मांडवात एकदम शांतता झाली. आत्या म्हणाली, “वहिनी, खुळ्या का काय? शुभकार्य आहे.”

“शुभकार्य आहे म्हणूनच म्हणते,” आई म्हणाली. “पोरीला दीड महिन्याची असल्यापासून न्हाऊमाखू तुम्ही घातलंत. हळदीला तेवढ्या दूर कशा?”

थोरल्या काकूंचा चेहरा उतरला. कोणी म्हणाले, रीत सोडू नये. भटजींनी घड्याळाकडे पाहिले. वडील खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आई मुसळ हातात धरून तशीच उभी. तिचा आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हते. भाजीवाल्याशी दर ठरवताना ती जशी उभी राही तशीच. शेवटी आमची आजी, जिने आयुष्यभर या घरातली सारी सोवळीओवळी सांभाळली होती आणि आपल्या लेकीला स्वतःच कोठीत बसवले होते, ती पाटावरूनच म्हणाली, “अगं, उठ. वहिनी बोलावतेय ना.”

आत्या आली. पण तिने मुसळ एकटीने धरले नाही. आईच्या हाताखाली आपला हात ठेवला. तीन घाव घातले आणि पुन्हा कोठीत निघून गेली. मागाहून मी सुपारी आणायला गेलो तेव्हा ती नारळ मोजत होती, आणि मोजणी पुन्हा पुन्हा चुकत होती. त्या दिवशी जवळचे एक घर न जेवता गेले आणि पुढे दोन वर्षे आमच्याकडे आले नाही. म्हणजे मोडलेल्या रिवाजाची किंमत आईने रोख भरली. बहिणीचा संसार तीस वर्षे चांगला चालला आहे. पण हे मी पुरावा म्हणून सांगत नाही. तो चांगला चालला नसता तरी आईचे बरोबरच होते.

आईने आग्ऱ्याचा दरबार वाचला नव्हता की दिल्लीचा. पण रिवाज मोडण्याचेही दोन प्रकार असतात, हे मला तिच्यामुळे समजले. एक आपल्या मानासाठी मोडणे. त्याला धैर्य लागते, आणि इतिहास त्याची नोंद ठेवतो. दुसरे, आपला मान पुरेसा असताना दुसऱ्यासाठी मोडणे. त्याची नोंद फार थोडी राहते. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांची तेवढी राहिली आहे. एकोणीस तोफांचा हा राजा गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढायला मदत करतो आणि मग स्वतःची गाडी त्या दुकानासमोर थांबवून तिथला चहा पितो. ज्याच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्याच्या हातचा चहा छत्रपती घेतात म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींना नाही कसे म्हणता येणार? पेलाभर चहाने जे झाले, ते एकवीस तोफांनी झाले नसते.

आता दिवाळी आली आहे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान हा आपल्या घरोघरचा लहानसा दरबारच. पहिली आंघोळ कर्त्या पुरुषाची, मग मुलगे, मग मुली, जावई असले तर त्यांची सरबराई वेगळी. उटणे लागते, तेल लागते, ओवाळणी होते, फटाका उडतो. आणि या सगळ्यांच्या आधी, काळोखात, कोणी तरी उठलेले असते. पूर्वी बंब पेटवायला, आता गीझरचे बटण दाबायला आणि चिवड्याचे डबे काढायला. तिच्या आंघोळीची पाळी येते तेव्हा बाहेर चांगले उजाडलेले असते, उटणे वाटीच्या तळाशी राहिलेले असते आणि पाणी कोमट झालेले असते.

आमच्या घरी काही वर्षांपासून पहिले तेल तिच्या डोक्याला लागते. मुलगा पाणी काढतो, मुलगी पाट मांडून रांगोळी घालते. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, “हे काय भलतंच? मग फराळाचं कोण बघणार?” मी म्हटले, समारंभापुरता क्रम आहे हा, दैनंदिन कामकाजाला लागू नाही. ती हसली आणि पाटावर बसली. फराळ त्या वर्षी अर्ध्या तासाने उशिरा झाला. कोणीही पंगतीतून उठून गेले नाही.